बॅटरीच्या बाजूनं

पहाटे पाच वाजता बबितानं गाडीच्या पडद्यावर नऊ टक्के वाचले. तिनं चष्मा पदरानं पुसला आणि पुन्हा वाचले. नऊच.

रात्री साडेनवाला तिनं स्वतःच्या हातानं गाडी चार्जिंगला लावली होती. सकाळपर्यंत सत्तरच्या वर टक्के व्हायला हवे होते. वायर मात्र सुटलेली होती. सुटलेलीच नव्हे, तर एकसारख्या वेटोळ्यांत गुंडाळून खुंटीला टांगलेली. इतकी नेटकी वायर गुंडाळणारा माणूस घरात एकच होता.

"आबा, चार्जिंग तुमी काढलं?"

दत्तराव ओट्यावर बसून चूळ भरत होते. त्यांनी सावकाश तोंड पुसलं.

"काढलं. रात्री दहाला."

"कशाला?"

"तिच्या पोटात पंखा फिरायलाता. घरघर, घरघर. दिवसभर पाला आणाया पळवलीस, पूर्णेला दोन खेपा केल्यास, आन् रात्री बी जुंपून ठेवलीस. मी हात लावून बघितलं. अंग तापलं होतं. ड्यूटीवरून उतरलेल्याला रेस्ट लागतो, माय. त्या रेस्टसाठी आमी किती मोर्चे काढलेत, तुला काय ठाऊक."

"आबा, तो पंखा तिला थंड करायलाच फिरत होता."

"थंड करावं लागायलं, म्हंजे तकलीफ होतीच ना?"

या वाक्यात कुठं चूक आहे ते बबिताला पटकन सापडेना. एम.एस्सी. प्राणिशास्त्र आणि अकरा वर्षं तासिका तत्त्वावर कॉलेजात शिकवणं गाठीला असूनही वडिलांच्या वाक्यांपुढं तिचं असंच व्हायचं.

दत्तराव पूर्णा जंक्शनला चौतीस वर्षं मालगाडीचे गार्ड होते. रेल्वेनं पुढं गार्डाला ट्रेन मॅनेजर म्हणायला सुरुवात केली, ते त्यांनी कधी मान्य केलं नाही. त्यातली अकरा वर्षं ते कामगार संघटनेच्या शाखेचे सचिव होते, आणि बबिताच्या मते निवृत्त झाले ते फक्त गार्ड म्हणून. सचिवपण तसंच चालू होतं. बबितानं इलेक्ट्रिक गाडी घेतली तेव्हा तिच्यासोबत आलेलं तीनशे बारा पानांचं पुस्तक त्यांनी दोनदा वाचलं आणि लाल पेनानं रेघा मारून ठेवल्या. रेल्वेत रूल बुक असतं तसं हे गाडीचं रूल बुक. त्यातून त्यांचं असं मत झालं की या गाडीत खरं काम करणारी एकटी बॅटरी आहे, बाकी सगळे बसून असतात.

एरवी बबितानं हसून सोडून दिलं असतं. आज घरामागच्या खोलीत आठ ट्रेंमध्ये ऐंशी हजार अळ्या झोपलेल्या होत्या.

रेशमाच्या अळ्या जन्मल्यावर पहिले सात-आठ दिवस फार नाजूक असतात. तेवढे दिवस त्यांना एका ठिकाणी सांभाळून मग शेतकऱ्याला द्यायच्या, याला चॉकी म्हणतात, आणि ताडकळसचं चॉकी सेंटर बबिताचं होतं. अळ्या दुसऱ्यांदा कात टाकायला झोपल्या की त्या न्यायच्या. झोपेत त्या खात नाहीत, हलत नाहीत, प्रवास सोसतात. या काल संध्याकाळी झोपल्या होत्या आणि आज दुपारी दोनच्या सुमाराला उठणार होत्या. उठल्या की त्यांना लगेच तुतीचा कोवळा पाला हवा. तो मानवतजवळच्या शिवकन्याच्या शेडमध्ये तयार होता. मानवत तालुक्यातली ही पहिलीच ऑर्डर. ही बॅच मेली तर तिकडून पुन्हा कुणी फोन करणार नव्हतं, आणि मानवतशिवाय सेंटर पावसाळ्यापर्यंत तग धरणार नव्हतं.

पाचला निघून गारव्यागारव्यात साडेसहाला पोचायचं, असं तिचं ठरलं होतं. मे महिना होता. नऊनंतर परभणी जिल्ह्यात अळ्यांनी काय, सरड्यांनीही बाहेर पडू नये असं ऊन होतं.

नऊ टक्क्यांत गाडी परभणीपर्यंतसुद्धा जात नव्हती. बबितानं वायर पुन्हा लावली, आणि त्याच मिनिटाला लाइट गेली. साडेनऊला येईल, असा मेसेज आला. गावात एसी असलेली दुसरी एकच गाडी होती, ती लग्नाला लातूरला गेली होती.

"बगा," दत्तराव म्हणाले. "तिला रेस्ट मिळायचाच होता."

*

पावणेअकराला एकवीस टक्के झाले तेव्हा ते निघाले. मागचं अर्धं सीट पाडून पाच ट्रे रचले होते, पुढच्या सीटवर तीन ट्रे पट्ट्यानं बांधले होते. ट्रे वजनदार असल्यामुळं गाडीला ते माणूस वाटत होते आणि पट्टा लावेपर्यंत ती टुणटुण वाजत राहिली. मागच्या उरलेल्या कोपऱ्यात दत्तराव. पुढं बसायला ते तयारच नव्हते. गार्ड शेवटच्या डब्यात असतो.

त्यांच्या मांडीवर वही होती. दर पाच मिनिटांनी ते मोठ्यानं वाचत लिहीत.

"अकरा पाच. केबिन सव्वीस. प्रवासी झोपेत. बॅटरी..." मग ते वाकून पायाखालच्या मॅटवर तळहात टेकवत. "बॅटरी सोसायलीय."

परभणी ओलांडून पाथरी रस्त्याला लागेपर्यंत पडद्यावर पाच टक्के राहिले. तिथं महारुद्र यांचा शुद्ध शाकाहारी ढाबा होता आणि ढाब्याच्या बाजूला जलद चार्जर. कपाळावर भस्माचे पट्टे ओढलेले, पन्नाशीचे महारुद्र गल्ल्यावर पेपर वाचत होते. बबितानं अकरा चाळीसला नळी लावली. तीस टक्के झाले की मानवत गाठता येणार होतं. चोवीस मिनिटांचं काम.

सहाव्या मिनिटाला केबिन एकोणतीसवर गेली.

बबितानं एका ट्रेमध्ये प्रयोगशाळेतला थर्मामीटर ठेवला होता. तोही तेच सांगत होता. अळ्यांना सत्तावीसपर्यंत बरं वाटतं, तीसच्या पुढं त्या मरायला लागतात. तिनं एसी वाढवला. काही फरक पडला नाही. मग पडद्यावर अक्षरं आली: बॅटरी थंड करण्यास प्राधान्य. केबिनमधील गारवा मर्यादित.

कारण तिला कळत होतं. गाडीत गारवा तयार करणारं यंत्र एकच असतं. त्याचे दोन वाटे होतात, एक आतल्या माणसांना, एक बॅटरीला. बाहेर त्रेचाळीस अंश आणि वर जलद चार्जिंग, त्यामुळं बॅटरी स्वतःच भट्टीसारखी तापली होती. दोघांना पुरेल इतका गारवा नसला की गाडी बॅटरीला आधी वाढते.

"पान एकशे सत्तेचाळीस," मागून आवाज आला. "मी लाल रेघ मारलीय."

"आबा, अळ्या मरतील."

"अळ्या प्रवासी हायेत. बॅटरी स्टाफ हाय. स्टाफच आडवा झाला तर प्रवासी कुठं जाणार? आन् मी म्हंतो, तिला एवढं तापवायचंच कशाला? बग, बग, आता एकेचाळीस डिग्री झाली. हे काय काम घ्यायचं झालं?"

"मी चार्जिंगचा वेग कमी करते. थांबा."

पण ती दार उघडून उतरेपर्यंत दत्तराव दुसऱ्या दारानं उतरले होते. चार्जरवर एक मोठं लाल बटण असतं, संकटकाळी दाबायचं. त्यांनी ते तळहातानं दाबलं. घरघर थांबली. ढाब्यातले दोन ट्रकवाले मागं वळून बघायला लागले.

"काम बंद," दत्तराव म्हणाले.

*

लाल बटण एकदा दाबलं की मालकानं चावी फिरवल्याशिवाय चार्जर पुन्हा चालू होत नाही. चावी महारुद्रांच्या कमरेला होती.

"फिरवतो की," ते म्हणाले, "पण आधी तुमचं मिटवा. मागल्या महिन्यात एका नवरा-बायकोनं असंच केलं. ती चालू करायची, हा बंद करायचा. चार वेळा. मशीन आठ दिवस बंद पडलं माझं. घरातलं भांडण मिटल्याबगर मी चावी फिरवत न्हाई."

"भांडण न्हाई," दत्तराव म्हणाले. "मागण्या हायेत. त्रिपक्षीय बैठक घ्या."

बबितानं घड्याळ बघितलं. अकरा एकावन्न. मग थर्मामीटर बघितला. चार्जिंग थांबल्यामुळं बॅटरीला गारवा कमी लागत होता आणि अळ्यांकडं पुन्हा थंड हवा जात होती. पारा अठ्ठावीसवर आला होता. संप चालू असेपर्यंत प्रवासी सुखात होते. फक्त ते कुठंही जात नव्हते, आणि चढलेले सात-आठ टक्के एसीच खात होता.

"लवकर घ्या बैठक," ती म्हणाली.

लिंबाखाली दोन बाजा होत्या. दत्तरावांनी बिलाचं पॅड मागून घेतलं आणि कोऱ्या पानावर तारीख, वेळ, ठिकाण लिहिलं. व्यवस्थापन: बबिता. कर्मचारी: बॅटरी, तर्फे दत्तराव. मग त्यांचा पेन थांबला.

"प्रवाशांतर्फे कोण?"

तिघांनी गाडीकडं पाहिलं.

"तुमी बसा," दत्तराव महारुद्रांना म्हणाले. "तुमचा कुणाशी संबंध न्हाई. निःपक्ष माणूस पायजे."

"मी? किड्यांच्या बाजूनं?"

"अळ्या," बबिता म्हणाली.

महारुद्रांना ते हसण्यावारी नेता आलं असतं. पण आजवर त्यांना कुणी कशाचं प्रतिनिधी केलं नव्हतं. ते उठले, गाडीच्या काचेला हात लावून, डोळ्यांवर दुसरा हात धरून त्यांनी आत बराच वेळ पाहिलं, आणि परत आले ते ताठ बसले.

"डोकी वर करून झोपलेत की हो सगळे. जसं ध्यानाला बसलेत." त्यांचा आवाज खाली आला होता. "माझं म्हणणं एवढंच, की त्यांना सत्तावीस मिळालंच पायजे. आन् गाडी खड्ड्यांतून दणादण न्यायची न्हाई. आन् सावली."

"लिहितो," दत्तराव म्हणाले.

"आन् मला सांगा बाई, पुढं यांचं काय होतं? मोठे झाल्यावर?"

बबितानं आयुष्यात विद्यार्थ्याला चुकीचं उत्तर दिलं नव्हतं.

"बावीस दिवसांनी कोष होतात. मग कोष विकतात."

"मंग?"

"मग त्यातून धागा काढतात. पण धागा अख्खा निघायला आतला जीव बाहेर यायच्या आधीच कोष सुकवावे लागतात."

"सुकवायचे कशात?"

"गरम हवेत."

एक ट्रकवाला ताट बाजूला सारून ऐकत होता.

"गरम हवेत," महारुद्र म्हणाले. "म्हंजे आज यांना गरम हवेपासून वाचवायचं, ते बावीस दिवसांनी गरम हवेत घालायसाठी."

बबितानं वडिलांकडं पाहिलं. दत्तराव रोज सकाळी पंचशील म्हणत. तिनं सेंटर काढलं त्या आठवड्यात दोन दिवस त्यांनी पहिलं शील, जीवहत्या न करण्याचं, तोंडातल्या तोंडात म्हटलं होतं, तिसऱ्या दिवसापासून नेहमीपेक्षा मोठ्यानं. त्यावर त्या दोघांत कधीच बोलणं झालं नव्हतं. आता दत्तराव पेनाचं टोपण काढत होते, लावत होते.

"हा मुद्दा आजच्या विषयपत्रिकेवर न्हाई," ते शेवटी म्हणाले.

"मंग मी राजीनामा देतो. ज्यांचं मरण ठरलंय त्यांची बाजू मी काय म्हणून मांडू? त्यांनी उद्या मला विचारलं तर?"

"द्या राजीनामा," बबिता म्हणाली. तिचा आवाज तिला वाटला त्याहून मोठा निघाला. "पण आधी त्यांना सत्तावीस मिळवून द्या. बावीस दिवसांनंतरचं बावीस दिवसांनी. आज दोन वाजता त्या उठणार आहेत, आणि उठल्यावर त्यांना भूक लागणार आहे. एवढंच आज आपल्या हातात आहे."

महारुद्रांनी गळ्यातल्या लिंगाच्या पेटीला हात लावला, गाडीकडं पाहिलं.

"बरं," ते म्हणाले. "आजचं तेवढं बघू. राजीनामा दुपारनंतर."

*

बबितानं पॅड स्वतःकडं ओढलं. आता जे बोलायचं होतं ते तिला येत होतं.

"आबा, बॅटरी तापते ती तिच्यातून जाणाऱ्या करंटमुळं. करंट अर्धा केला तर ताप अर्धा होत नाही. पाव होतो."

"पाव?"

"अर्धा गुणिले अर्धा. वेळ दुप्पट लागेल, उरलेल्या सोळाच्या जागी बत्तीस मिनिटं. पण एकूण त्रास निम्मा. आणि उरलेला सगळा गारवा अळ्यांना."

दत्तराव त्या आकड्यांकडं बघत राहिले. अर्धी ड्यूटी, पाव ताप. त्यांनी ते स्वतःच्या अक्षरात खाली पुन्हा लिहून काढलं.

"हे आमाला कुणी सांगितलं न्हाई," ते म्हणाले. "चौतीस वर्षं वाटाघाटी केल्या. कुणी सांगितलं न्हाई."

त्यांनी सही केली. महारुद्रांनी सही करून पुढं "तात्पुरती" असं कंसात लिहिलं आणि चावी फिरवली. बारा पाच झाले होते. चार्जर आता दमानं कुरकुरत होता. केबिन साडेसत्तावीस, मग सत्तावीस. महारुद्र दर दोन मिनिटांनी काचेतून बघून येत आणि ट्रकवाल्यांना मोठ्यानं बोलू देत नव्हते.

बारा अडतीसला तीस टक्के झाले. बबिता मात्र अजून पॅडवर गणित मांडत होती.

"आता काय?" दत्तरावांनी विचारलं.

"रस्त्याचं गणित. बाहेर त्रेचाळीस. बॅटरी अजून गरम आहे, चालताना ती अजून गारवा घेणार. काचेतून येणारं ऊन, छतातून येणारं. हे सगळं वजा करून उरतो तो गारवा अळ्यांना पुरत नाही. शंभर वॅट कमी पडतात."

"शंभर वॅट म्हंजे केवढं असतं?"

बबितानं पॅडवरून नजर वर केली नाही.

"एक माणूस. बसलेला."

"माणूस गर्मी सोडतो?"

"सगळेच सोडतात. साधारण शंभर वॅट. बोलत असला तर थोडी जास्त."

महारुद्रांनी दत्तरावांकडं पाहिलं आणि लगेच लिंबाकडं पाहिलं.

"ड्रायव्हर काढता येत न्हाई," दत्तराव म्हणाले.

"नाही."

"गार्डाशिवाय गाडी सोडायची, ही बात मी चौतीस वर्षांत एकदा बी..." ते थांबले. मग त्यांनी दार उघडून पुस्तक काढलं, मागची सूची उघडली, बोट फिरवत शेवटपर्यंत गेले. त्यात गार्ड नव्हता. तो नाही हे त्यांना आधीच माहीत असणार. दोनदा वाचलेलं पुस्तक होतं. तरी त्यांनी सूची पुन्हा पहिल्यापासून बघितली, आणि बबितानं ती बघू दिली, जरी बारा एकेचाळीस झाले होते.

"तिला चढावर दाबू नको," ते म्हणाले. "आन् प्रवाशांना घाई करू नको. जा. मी येष्टीनं येतो."

*

बत्तीस किलोमीटर बबितानं स्वतःच्या बाजूची हवेची जाळी बंद ठेवली. घाम चष्म्याच्या आतून उतरत होता. चाळीसच्या वर वेग नेला की बॅटरी तापे, खाली आणला की ऊन जास्त वेळ लागे. अडतीसला दोन्ही पक्ष गप्प बसतात असं तिच्या लक्षात आलं, आणि तिनं काटा तिथंच धरून ठेवला. मागून ऊस भरलेला ट्रॅक्टर तिला ओलांडून गेला आणि त्यावरचे गडी माना वळवून तिच्याकडं बघत राहिले. थर्मामीटर एकदा एकोणतीसला टेकला. तिनं श्वास रोखून धरला. श्वास रोखल्यानं वॅट कमी होत नाहीत हे तिला ठाऊक होतं, तरी रोखला.

एक छत्तीसला शिवकन्याच्या शेडपुढं गाडी थांबली. शिवकन्या पस्तिशीची, पदर खोचून, दारात पाल्याची पाटी घेऊनच उभी होती.

"बाई, तुमी भिजून आल्यात का काय?"

"आधी ट्रे उतरवू."

आठही ट्रे आत मांडले. खिडकीकडच्या तिसऱ्या ट्रेचा एक कोपरा काळवंडला होता, हाताच्या पंजाएवढा. बबितानं तो बोटानं तपासला. तिथल्या मेल्या होत्या. बाकीच्या डोकी वर करून तशाच स्तब्ध होत्या, आणि झोपलेल्या अळीत आणि मेलेल्या अळीत वरून फारसा फरक दिसत नाही. दोन वाजले. दोन पाच झाले. शिवकन्यानं पाटी या हातातून त्या हातात घेतली.

"झोपल्यात ना?"

"हो," बबिता म्हणाली. तिला माहीत नव्हतं.

दोन बाराला पहिल्या ट्रेच्या मध्यावर एक अळी जुन्या कातडीतून पुढं सरकली. मग तिच्या शेजारची. मग सगळा ट्रे कापड हलावं तसा हलला. सगळ्या उठेपर्यंत पाला टाकायचा नसतो, म्हणून दोघी भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. तीनला शिवकन्यानं पहिली मूठ सोडली. थोड्याच वेळात शेडभर बारीक करकर सुरू झाली, कुणीतरी खूप दूर कागद चुरगाळत असल्यासारखी.

"कोपरा गेला. आठशे-हजार असतील. तेवढ्या पुढच्या वेळी जास्तीच्या देईन," बबिता म्हणाली.

"पुढच्या वेळी गारव्यात या म्हंजे झालं," शिवकन्या म्हणाली. "जूनला मला बी पायजेत, आन् माझ्या जावेला बी."

चार वाजता दत्तराव आले. गर्दीच्या येष्टीत उभं राहून आल्यामुळं सदरा पाठीला चिकटला होता. त्यांच्यामागं, ढाब्याचा गल्ला कुणाच्या तरी हवाली करून, महारुद्र.

दत्तराव सरळ गाडीकडं गेले. महारुद्र चपला काढून शेडमध्ये आले आणि ट्रेपाशी उकिडवे बसले. खाणाऱ्या अळ्यांकडं त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"भूक लागलीय वाटतं लय," ते म्हणाले.

"लागणारच," बबिता म्हणाली.

"बावीस दिवस?"

"बावीस."

महारुद्रांनी खिशातून बिलाच्या पॅडाचं दुमडलेलं पान काढलं. त्यावर त्यांचा राजीनामा नीट अक्षरात लिहिलेला होता. त्यांनी तो वाचला, घडी घातली आणि परत खिशात ठेवला.

"बाई," शिवकन्यानं बबिताच्या कानाशी येऊन विचारलं, "हे पावणे कोण?"

दारातून आत येणाऱ्या दत्तरावांनी ते ऐकलं.

"प्रवाशांचे प्रतिनिधी," ते म्हणाले.

शिवकन्यानं आजवर रेशमाच्या तीन बॅचा घेतल्या होत्या, पण असा माणूस तिच्या शेडमध्ये कधी आला नव्हता. तिनं क्षणभर विचार केला, आणि त्यांना बसायला घरातून खुर्ची आणली.